आमचं पान फाडा: उधारी न करता घर चालवल्याचे अनुभव

चाळकरीण

काल मिक्सर घ्यायला गेले होते. ४,२०० चा. मी पर्स उघडायच्या आत दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, ईएमआय करून देऊ? महिन्याला सातशेच पडतील, सहा महिने." म्हटलं नको, रोख देते. तर म्हणे रोखीत तुम्हाला फायदा काहीच नाही, आणि मोबाइल पुढे केला, फक्त नंबर टाका म्हणून. मला एकदम आमच्या लालबागच्या वाण्याची लाल वही दिसली. मिक्सर न घेताच घरी आले. घरचे कालपासून हसतायत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. बाबा साचाखात्यात, म्हणजे गिरणीत कापड विणायच्या विभागात. सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत, होईल काहीतरी. वाणी अख्ख्या चाळीला उधार देत होता. आईने पहिला महिना संपता संपता माहेरहून आलेला तांब्याचा बंब मोडीत काढला, वाण्याचे झालेले चुकते केले आणि म्हणाली, "आमचं पान फाडा." तो म्हणाला, वहिनी, घाई काय आहे? ती तिथेच उभी. फाडल्यावरच निघाली.

मग रोजचं रोज, रोखीत. आठ आण्याचं तेल, चार आण्याची साखर, पावशेर तांदूळ. ती घरी शर्टांना काज-बटणं करायची, डझनावारी पैसे मिळायचे, त्यातून. मला वाटी घेऊन पाठवायची. जिना चढताना अंगठा हमखास तेलात बुडायचा आणि घरी आल्यावर तो कढईच्या काठाला पुसायला लावायची. अंगठ्याला लागलेल्याचेही पैसे दिलेत म्हणे.

सुटं घेतलं की महाग पडतं हे तिला कळत होतं. पण वाटी हातात असली की माणूस मोजतो, वहीत लिहिलं की मोजत नाही, हे तिचं म्हणणं. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा परत गिरणीत गेले नाहीत. शेजारच्या काकांचं पान मात्र चालूच राहिलं, शेवटी गावचा तुकडा विकून मिटवलं त्यांनी.

तुमच्याकडे काय होतं? आत्ताचंही लिहा.

---

साय_ची_वाटी

बाप रे, अंगठा! आमच्याकडे तेलाची पिशवी कापून तिच्यातच कणीक मळायचे. मी अजून करते. नवरा म्हणतो पाच रुपयांचं तेल वाचवायला दहा मिनिटं घालवतेस. घालवते.

---

पुणेरी_चष्मा

सुटं महाग पडतं हा मुद्दा असा सोडून देता येणार नाही. पावशेरने घेणारा किलोमागे नेहमीच जास्त देतो. आमच्या घरी उलट, एप्रिलात वर्षाचं भरायचं. गव्हाला एरंडेल, तांदळाला बोरिक पावडर, डाळी उन्हात वाळवून. त्याने खरी बचत होते.

---

चाळकरीण

काका, एप्रिलात एकरकमी पैसे असतील तर ना. आणि दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, गहू ठेवणार कुठे, बाबांच्या उशाला?

---

भिशीवाली_माई

त्याला भिशी असते गं. आम्ही बारा जणी होतो, महिन्याला पाचशे. चिठ्ठी निघायची पण एप्रिलची उचल माझी, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. दिवाळीची एकीची, जूनची शाळावाल्या दोघींची. ज्यांना घाई नाही त्यांच्याच चिठ्ठ्या खऱ्या. सहा हजारांत गहू, तूरडाळ, मिरची, सगळं यायचं. व्याज नाही, सही नाही. एकीने एकदा दोन हप्ते चुकवले तर हळदीकुंकवाला कोणी तिच्याशी बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात दारात येऊन दिले.

माझ्या हातून पापड फार मोडतात, तो वेगळा विषय.

---

पुणेरी_चष्मा

माई, हळदीकुंकवाचा बहिष्कार हा बँकेच्या नोटिशीपेक्षा जहाल उपाय आहे. :)

---

किमान_रक्कम

मी आत्ताचं लिहितो. नाव बघून कळलं असेल.

२०१८, हिंजवडी, पहिली नोकरी. क्रेडिट कार्डावर ६२ हजार झाले. त्यात काही मोठं नाही, बाहेरचं जेवण, शूज, एक गोव्याची ट्रिप. दर महिन्याला बिलावर खाली 'किमान देय' लिहिलेलं असायचं, पाच टक्के, ३,१०० रुपये. मी इमानदारीत भरायचो. वाटायचं, फिटतंय. सहा महिन्यांनी बघतो तर आकडा जवळपास तिथेच. मग एका रविवारी कागद घेऊन बसलो. व्याज साडेतीन टक्के महिना, म्हणजे २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३९०. म्हणजे ३,१०० भरले की मूळ रकमेतून जातात साडेपाचशेसुद्धा नाही. आणि तेवढंच मी परत कार्डावर खात होतो.

आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन आवर्ती ठेव मोडून आली. वाटलं सुटलो. संध्याकाळी तिने दोनशे पानी वही काढली, माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, दर पाच तारखेला पाच हजार. पाच म्हणजे पाच. एकदा सहा तारीख झाली तर सकाळी सातला फोन. "पगार झाला नाही का रे?" फक्त एवढंच. तेरा महिन्यांत फिटले, शेवटचा हप्ता दोन हजारांचा. ठेव मोडल्याने बुडालेलं व्याज तिने दिवाळीच्या ओवाळणीत कापून घेतलं.

---

साय_ची_वाटी

ओवाळणीत कापून घेतलं 😂😂 काकूंना माझा नमस्कार सांग.

---

ऊस_आणि_दूध

ताई, तुमच्या आईचं पटलं, पण कर्ज नाही म्हणजे नाही हे पगारदाराला जमतं. आमच्याकडं गावच्या सोसायटीच्या पीककर्जाशिवाय ऊस उभा राहत नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं, त्यामुळं ३१ मार्च जवळ आला की गावात सगळे 'नवं-जुनं' करायला धावतात. म्हणजे कुणाकडनं तरी आठ दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, सोसायटी भरायची, नवं कर्ज उचललं की त्याचे त्याला परत. कागदावर कर्ज फिटतं, खरं तर एक दिवसही फिटत नाही. ऊसबिल वेळेवर आलं तर हा खेळ करावा लागत नाही. ते कधी येतं ते कारखान्यालाच ठाऊक.

पण घर मात्र आम्ही यातनं वेगळं ठेवलंय, ते मालकिणीचं डोकं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, पेंडीचे कापून. ते तिचं. किराणा, लाइट बिल, पोरांची फी, दवाखाना, सगळं त्यातनं. ऊसबिलाला ती हात लावत नाही आणि दुधाच्या बिलाला मला लावू देत नाही. मागं एकदा मी मोटार भरून आणायला दुधाच्या पैशातले दीड हजार मागितले. मिळाले. पण त्या दहा दिवसांत घरात चहा कोरा. मुद्दाम. दारात दोन म्हशी आणि कोरा चहा. पाव्हणे आले तरी कोराच.

---

पुणेरी_चष्मा

मोटार भरून आणणे म्हणजे? पेट्रोल?

---

ऊस_आणि_दूध

नाही ओ काका, विहिरीवरची मोटार जळली की वायंडिंग भरून आणतात.

---

अंबानगरी

उधारीवरून आमच्या बाबूजींचं आठवलं. अमरावतीला कापडाच्या दुकानात नोकरी. पगाराच्या दिवशी आई देवापुढे पाकिटं मांडायची, लग्नपत्रिकांची जुनी. एकावर दूध, एकावर शाळा, एकावर भाडं. एका पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यातून कधी पैसे निघाले नाहीत असंच आम्हा भावंडांना वाटे. ताईच्या बाळंतपणाला निघाले. मग परत कोरं.

आता माझ्या मोबाइलात चार ॲप आहेत आणि वीस तारखेला शिल्लक विचारू नका बाप्पा.

---

राइनकाठ

जर्मनीतून. इथे प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते, ती किराण्यात वळती करायची. माझी आई तीन महिने आली होती. पहिल्या आठवड्यात लाजली, दुसऱ्यापासून बागेत फिरायला जाताना पिशवी घेऊन निघायची. जाताना म्हणाली, मी तुझ्यावर काही खर्च टाकला नाही, माझं दही सुटलं त्यातून.

इथल्या भाषेत कर्ज आणि अपराध दोन्हीच्या मुळाशी एकच शब्द आहे, शुल्ड. भाषेच्या वर्गात कळलं तेव्हा बाबाच आठवले. घराचं कर्ज फिटेपर्यंत त्यांनी नवीन चप्पल घेतली नाही, जुनीच अंगठा बदलून बदलून.

---

साय_ची_वाटी

चपलेचा अंगठा! आता तो चांभारही दिसत नाही आमच्या नाक्यावर.

बरं कोणी बेरीचं का लिहीत नाहीये? तूप कढवलं की बेरी टाकून देणाऱ्या बायका बघितल्यात मी. आई त्या पातेल्यातच गरम भात आणि मीठ घालून कालवायची. भांडं घासायलाही सोपं.

---

भिशीवाली_माई

आमच्यात बेरी + गूळ, पोळीवर. भातात मीठ घालून पहिल्यांदा ऐकतेय.

---

साय_ची_वाटी

माई करून बघाच. जरा काळी झालेली नको, कडवट लागते. बदामी असताना.

---

नगरी_नात

आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. पाथर्डीकडे. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी ती तोंड वाकडं करायची, पण सुकडी आवडायची, थोडी बांधून पोरांना आणायची. आणि एवढं सगळं असून सावकाराकडे गेली नाही, कारण तिच्या सासऱ्याचं वावर तसंच गेलेलं. गरज पडली की गावातल्याच पाच घरांत फिरून थोडं थोडं आणायची. एकाकडून पायलीभर ज्वारी, एकाकडून मीठमिरची. "एकाचं मोठं देणं झालं की तो मालक होतो, पाच जणांचं थोडं थोडं असलं की ते शेजारीच राहतात." हे तिचंच.

आता ९१ वर्षांची आहे. हातात शंभराची नोट दिली की आधी चार घड्या घालते मग कमरेला.

---

मी_फक्त_वाचते

कधी लिहीत नाही पण आज लिहिते. माझ्याकडे अशी गोष्ट नाही. आम्ही लग्न कर्ज काढून केलं, चार लाख, पाच वर्षं भरतोय. अजून चौदा हप्ते. अल्बम कपाटात आहे, बघवत नाही. धागा वाचून रडू आलं, म्हणजे वाईट नाही, असंच.

---

चाळकरीण

अगं लिहिलंस ते बरं केलंस. चौदा म्हणजे सव्वा वर्षसुद्धा नाही. बोनस मिळत असेल तर मुदतीआधी काही रक्कम भरता येते का बघ, दंड किती लावतात ते आधी विचारून घे. आणि अल्बममधला तुझा एखादा फोटो बाहेर काढून लाव. त्याचे पैसे दिलेतच की.

---

किमान_रक्कम

ताई, मुदतीआधी भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्या. नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करतात, त्याने व्याज तेवढं वाचत नाही.

---

मी_फक्त_वाचते

हे माहीतच नव्हतं. उद्या विचारते. दोघांना थँक्यू.

---

खटपट्या

चाळकरीणताई, मूळ प्रश्न राहिलाच. जुन्या मिक्सरला झालंय काय? मोटर फिरतेय का?

---

चाळकरीण

फिरते. आवाज येतो मोठा, पण पातं फिरत नाही. जळाला असणार.

---

खटपट्या

जळाला असता तर वास आला असता आणि फिरला नसता. भांडं काढून खाली बघा, काळं रबरी दातेरी चाक असतं. त्याचे दात झिजले असतील. कपलर म्हणतात. पन्नास-साठ रुपयांना मिळतो. जुना घेऊन जा दाखवायला, कंपनीगणिक वेगळा असतो. प्लग आधी काढा हो.

---

पुणेरी_चष्मा

४,२०० विरुद्ध ६०. खटपट्या, तुम्ही माझ्या ओव्हनचं काही सांगू शकाल का?

---

चाळकरीण

दात गेलेत!!! सगळेच्या सगळे. हाताला काळं लागलं. पण निघत नाहीये, नवऱ्याने पक्कड लावली तरी हलत नाही.

---

खटपट्या

उलट्या आट्याचा असतो तो. आपण नेहमी सोडवतो तसं नाही, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. खालून मोटरचा दांडा धरायला सांगा कोणाला तरी.

---

चाळकरीण

निघाला. दुकान सातला बंद होतं, पळते.

---

साय_ची_वाटी

येताना तेलाची पिशवी आण :)