मदत हवी आहे: प्रोजेक्टर लॅनवरनं चालू होईना

राम राम मंडळी, लातूरला आमच्या क्लासच्या हॉलात छताला प्रोजेक्टर टांगलाय, रिमोट पोरांनी कुठं घातला देव जाणे, म्हणून लॅन केबल लावून लॅपटॉपवरनं पीजेलिंकनं (नेटवर्कवरनं प्रोजेक्टरला कमांड द्यायची पद्धत) चालवून बघायलोय. पोर्ट ४३५२ वर टेलनेट केलं (कमांड टाइप करून प्रोजेक्टरशी जोडलं) की 'पीजेलिंक १' आन् पुढं आठ अक्षरांचा कोड येतोय, पॉवर ऑनची कमांड टाकली की 'एररए'. म्हणजे पासवर्ड मागायलाय, तो माहितीय मला. कोड आन् पासवर्ड जोडून त्याचा एमडी५ (मजकुरावरनं गणित करून निघणारा ठराविक लांबीचा कोड) काढायचा, कमांडच्या आधी चिकटवायचा, इथवर कळलं. पण कोड दरवेळी नवा, आन् हातानं एमडी५ काढेस्तोवर ३० सेकंदात लाईन कट! कुणाकडं पायथॉनची छोटी स्क्रिप्ट हाय का? सोमवारी बॅच हाय राव, रोज स्टुलावर चढून बटन दाबायलोय.