बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. करावे, की बी.ए. करून मग एम.एस.डब्ल्यू.कडे वळावे?

प्रश्न (वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थिनी)

नमस्कार. मी एका लहान गावात राहते आणि यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले आहे. समाजकार्याची पदवी (बी.एस.डब्ल्यू.) घ्यावी असे मनात आहे. परंतु घरात त्यावरून महिनाभर वाद चालू आहे. लोकांच्या उपयोगी पडायला पदवी कशाला लागते, गाडगेबाबा कोणत्या महाविद्यालयात गेले होते, असे वडील विचारतात आणि खरे सांगायचे तर मला त्यावर उत्तर देता येत नाही. मामांचे म्हणणे असे, की एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो, तेव्हा सध्या साधे बी.ए. करावे, सोबत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करावा आणि तरीही ओढ टिकली तर पुढे इकडे यावे. पदवीच्या तीन वर्षांत असे नेमके काय शिकवतात, जे नंतरच्या दोन वर्षांत शिकता येणार नाही? शिवाय मी अनोळखी माणसांशी बोलताना फार संकोचते. ही अडचण ठरेल का?

उत्तर 1 (बी.एस.डब्ल्यू., एम.एस.डब्ल्यू.; सध्या एका रुग्णालयात समुपदेशक)

वर्गात जे शिकवतात ते पुस्तकांतूनही वाचता येईल. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक कृती आणि संशोधन या सहा पद्धतींची नावे तुम्हाला पहिल्या सत्रातच पाठ होतील. खरा अभ्यासक्रम म्हणजे क्षेत्रकार्य, ज्याला आम्ही सगळे फील्डवर्कच म्हणतो. आठवड्याचे दोन दिवस वस्तीत, शाळेत, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत काढायचे, प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहायचा आणि तो घेऊन सुपरवायझरसमोर बसायचे. त्या बैठकीला आय.सी. (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात, आणि परीक्षेपेक्षा मुले तिलाच अधिक घाबरतात.

माझाच अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी मला मराठवाड्यातील एका शहरालगतची वस्ती दिली होती. तेथे पतीच्या निधनानंतर दोन मुलांना घेऊन राहणारी एक बाई भेटली. तिचे उत्पन्न पाहता संजय गांधी निराधार योजनेसाठी ती पात्र ठरेल असे वाटत होते. त्या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21 हजार रुपये आहे. मी त्या भेटीचा तीन पानी अहवाल लिहिला. खोली किती अंधारी आहे, बाई बोलता बोलता कशी रडली, मला किती वाईट वाटले, असे सगळे त्यात होते. मॅडमनी तो परत केला, आणि समासात त्यांनी एकच ओळ लिहिली होती: ‘मृत्यूची नोंद झाली आहे का?’

मी ते विचारलेच नव्हते. पुढच्या भेटीत कळले, की पती ऊसतोडीला गेलेला असताना दुसऱ्या जिल्ह्यात फडावरच वारला, अंत्यविधी तेथेच उरकला आणि नोंद करायची असते हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. मृत्यूची खबर 21 दिवसांच्या आत द्यावी लागते, ती जेथे मृत्यू झाला तेथेच द्यावी लागते, आणि वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. दाखला नाही म्हणून विधवा असल्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून अर्ज पुढे सरकत नाही. दीर मुकादमासोबत होता, त्याला साक्षीला तयार करण्यातच दोन महिने गेले. माझे वर्ष संपले तेव्हा प्रकरण अर्धेच झाले होते. पुढच्या तुकडीतील मुलीकडे मी ते वहीसकट सोपवले. एकोणिसाव्या वर्षी लागलेली ही सवय पुढे एम.एस.डब्ल्यू.मध्ये मला फार उपयोगी पडली, कारण बी.ए. करून आलेले माझे वर्गमित्र त्या वेळी पहिलाच अहवाल लिहीत होते.

उत्तर 2 (बी.एस.डब्ल्यू.; सध्या शासकीय सेवेत)

वरील अनुभव खरा आहे. तथापि नोकरीची बाजू कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. केवळ बी.एस.डब्ल्यू.वर मिळणारी कामे बहुतेक प्रकल्पांवरची असतात. करार वर्षाचा, मानधन तुटपुंजे, आणि निधी आटला की घरी. वैद्यकीय समाजसेवेच्या बऱ्याचशा पदांना पदव्युत्तर पदवी मागतात. मोठ्या कारखान्याला कायद्याने कल्याण अधिकारी नेमावा लागतो. परंतु तेथेही स्पर्धा एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांशीच असते. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत, या 2013 च्या कंपनी कायद्यातील तरतुदीमुळे सी.एस.आर.मध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उपक्रमांत, कामे वाढली, पण ती मिळवायला इंग्रजीत प्रस्ताव लिहिता यावा लागतो.

तेव्हा बी.एस.डब्ल्यू. घेणार असाल तर पाच वर्षांचा हिशोब आजच घरात मांडा. मामांच्या म्हणण्यात एक चूक मात्र आहे. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, म्हणून स्पर्धा परीक्षांसाठी बी.ए.च केले पाहिजे असे नाही. मी स्वतः बी.एस.डब्ल्यू.वरच परीक्षा दिली. फील्डवर्कमुळे वेळ कमी मिळतो, ही तक्रार मात्र खरी आहे.

उत्तर 3 (समाजकार्य महाविद्यालयातील अध्यापक)

वडिलांचा प्रश्न मला आवडला. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. समुदाय संघटनाच्या तासाला मी गेली अनेक वर्षे हेच उदाहरण देतो. जे त्यांना उपजत होते ते आपल्यासारख्यांना शिकून घ्यावे लागते, इतकेच. या विषयाचे शिक्षण आपल्याकडे 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या पदव्युत्तर शाळेत सुरू झाले, तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम करणारे होते. म्हणजे वस्ती आधी आणि वर्ग नंतर, असाच याचा क्रम आहे.

शिवाय काही ठिकाणी चांगुलपणा पुरत नाही. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात आणि त्यांपैकी एक महिला असावी लागते. एखाद्या मुलाच्या घरच्या परिस्थितीविषयीचा सामाजिक तपासणी अहवाल कच्चा असेल, तर त्याचा परिणाम त्या मुलाला भोगावा लागतो.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. गेल्या वर्षी मुलांना फील्डवर्कला कोठे पाठवले, एका अध्यापकाकडे किती विद्यार्थी होते, अहवाल वाचून परत मिळत होते की नुसती सही होत होती, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा. वर्षाअखेरीस एकाच रात्रीत साऱ्या वर्षाचे अहवाल लिहून देणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ते चालवून घेणारी महाविद्यालयेही पाहिली आहेत. अशा ठिकाणी शिकण्यापेक्षा मामांचे ऐकलेले बरे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करता येते. चौथे वर्ष केल्यास पुढील पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे होऊ शकते. आपल्या विद्यापीठात याची अंमलबजावणी कशी आहे, ते प्रवेशाआधी विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. गाडगेबाबांविषयीचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण शुल्क किती आहे ते त्यांनी प्रथमच विचारले. संकोचाविषयी मात्र कोणी लिहिले नाही.

उत्तर 1

ते राहूनच गेले, क्षमस्व. फार बोलणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी अधिक त्रास होतो, कारण त्यांना समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे जमत नाही. पहिल्या भेटीत वही पिशवीतच ठेवा. चहा दिला तर घ्या, कोणत्या गावच्या म्हणून विचारतील ते नीट सांगा आणि प्रश्न दोनच विचारा. वस्तीतून बाहेर पडल्यावर बसथांब्यावर बसून, आठवते आहे तोवर, सगळे लिहून काढा. माझे पहिल्या वर्षाचे निम्मे अहवाल त्या बाकावरच लिहिलेले आहेत.