आजोबांची विंचेस्टर १८९२: काडतूस कोणतं, पीप साइट बसेल का?

उमरेडरोड
नमस्कार मंडळी. वारसाहक्कानं विंचेस्टर मॉडेल १८९२ माझ्या परवान्यावर आली आहे. नळी गोल, २४ इंची, वर '४४ डब्ल्यू.सी.एफ.' असा शिक्का, खाली पूर्ण लांबीची ट्यूब मॅगझिन. एक जण म्हणतो .४४ मॅग्नम चालेल, दुसरा म्हणतो अजिबात नको. शिवाय पन्नाशीनंतर नळीवरच्या मागच्या साइटची खाच धूसर दिसते. पीप (बारीक छिद्रातून पाहायची मागची साइट) लावावी की स्कोप? वापर फक्त रेंजवर, ५० ते १०० यार्ड. गोळी झाडण्याआधी काय तपासून घ्यावं तेही सांगा.

धंतोली_रायफल
शिक्का सांगतो तेच काडतूस. ४४ डब्ल्यू.सी.एफ. म्हणजेच .४४-४०, १८७३ सालचं. त्याची दाबमर्यादा ११,००० पीएसआय आणि .४४ मॅग्नमची ३६,०००, म्हणजे तिपटीहून जास्त. शिवाय .४४-४० ची केस तोंडाशी निमुळती आहे, मॅग्नमची सरळ. मूळ चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) मॅग्नम पूर्ण आत जायलाच नको. गेलंच, तर कुणीतरी चेंबर कोरून ठेवलंय असं समजा आणि रायफल आधी गनस्मिथकडे न्या. .४४ स्पेशलही नको.

गोळी २०० ग्रेन वजनाची, सपाट नाकाची. ट्यूबमध्ये एका काडतुसाचं नाक पुढच्याच्या टोपीला (ठोका बसला की पेटणाऱ्या प्रायमरला) टेकलेलं असतं, म्हणून टोकदार गोळी त्यात घालायची नाही. फॅक्टरीचं २०० ग्रेन काडतूस साधारण ११९० फूट प्रतिसेकंद वेग देतं. ५० यार्डांवर शून्य केलंत (साइट अचूक जुळवलीत) तर १०० यार्डांवर गोळी सात इंच खाली लागेल. यात रायफलचा दोष नाही, काडतूसच तसं आहे.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात .३१५ आणि .३०-०६ ची काडतुसं बनतात, .४४-४० नाही. म्हणजे बाहेरून आलेल्या मालावरच भागवायचं. काडतुसं घरी भरायचा विचार असेल तर शस्त्र अधिनियमाचं कलम ५ (दारूगोळा बनवायच्या परवान्याचं) आधी वाचा.

सदर_गनरूम
आधी तपासणी. रिकामी असल्याची खात्री करून घोडा हाफ-कॉकवर (अर्धा मागे ओढून सेफ्टीच्या खाचेत) ठेवा, अंगठ्यानं पुढे दाबा, मग बेताच्या जोरानं चाप ओढा. घोडा पडता कामा नये. या रायफलला दुसरी सेफ्टी नाही, त्यामुळे खाच झिजलेली असेल तर तिथेच थांबा. बोल्ट बंद केल्यावर दोन्ही बाजूंचे उभे लॉकिंग ब्लॉक पूर्ण वर येतात का ते पाहा, आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली मोकळी जागा) गेजनं मोजून घ्या. दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडूनच.

नळीत मऊ शिशाची गोळी तेल लावून पितळी सळईनं उतरवा आणि मायक्रोमीटरनं मोजा. जुन्या .४४-४० नळ्या .४२५ पासून .४३१ इंचापर्यंत सापडतात. .४३१ च्या नळीतून .४२७ ची गोळी सोडली तर ती नळीतल्या पिळाच्या खाचा नीट धरत नाही, डुलत जाते आणि टार्गेटवर लांबट, आडवं भोक पडतं. असं भोक दिसलं की साइटला हात लावू नका, आधी गोळीचा व्यास बघा.

लिव्हर खाली-वर पूर्ण चालवा. घाबरत घाबरत अर्धवट फिरवली की रिकामी केस बाहेर पडत नाही, पुढचं काडतूस कॅरियरवर (ते वर उचलणाऱ्या भागावर) येऊन बसतं आणि सगळं अडकतं. यात रायफल बिघडलेली नसते, हात अर्ध्यावर थांबलेला असतो.

स्कोप विसरा. केस वरून बाहेर फेकली जाते, वर बसवलेल्या स्कोपला आपटते. आणि रिसीव्हरला (बोल्ट असतो त्या धातूच्या मधल्या भागाला) भोकं पाडली की जुन्या विंचेस्टरची किंमत गेली. वरच्या टँगवर (रिसीव्हरमागून दस्त्यावर जाणाऱ्या पट्टीवर) बुजवणीचा छोटा स्क्रू असेल तर टँग पीप बसवा. तिला नवं भोक लागत नाही, दस्त्याचा टँग स्क्रू काढून तिचाच लांब स्क्रू घालतात. मार्लिनची टँग साइट मागवू नका. भोकांमधलं अंतर वेगळं.

उमरेडरोड
टँगवर तो स्क्रू आहे भाऊ! मग माशीही (नळीच्या टोकाची पुढची साइट) बदलावी लागेल का?

सदर_गनरूम
पीप सगळ्यात खाली उतरवूनही वर लागत असेल तर. हिशोब सोपा आहे: साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं इंचात. साइटमधलं अंतर ३० इंच, ५० यार्डांवर (१८०० इंच) सहा इंच वर लागतंय, तर ३० × ६ ÷ १८०० = ०.१ इंच. माशी आताच्यापेक्षा एवढी जास्त उंच हवी. जुनी काढताना डावीकडून उजवीकडे ठोका, नवी उजवीकडून घाला. पितळी पंच वापरा.

महाल_निशाण
टँग पीपला माझा विरोध नाही, पण नागपुरात एक अडचण आहे. तिचा स्क्रू दस्त्याच्या लाकडातून आरपार जातो. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात जुनं अक्रोड आकसतं, स्क्रू ढिला पडतो, पीपचा तळ हलतो आणि निशाण भटकायला लागतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की उलटं, ताण येतो. म्हणून ऋतू बदलला की स्क्रू तपासून मगच शून्य करा. ढिला असेल तर बेतानं आवळा, दस्त्याला तडा जाईल एवढा नको.

माझ्या मते आधी फक्त माशी बदलून बघा. माशीच्या टोकाचा १/१६ इंचाचा मणी डोळ्यापासून ३३ इंचांवर असेल तर ५० यार्डांवर साडेतीन इंच झाकतो, ३/३२ चा पाच इंच. कमी उजेडात मोठा मणी पटकन सापडतो, कागदावर नेम धरायला लहानच बरा. पीप लावलीच तर मोठं छिद्र ठेवा आणि त्याकडे पाहायचं नाही. नजर माशीवर, छिद्र आपोआप मधोमध येतं.

धंतोली_रायफल
नावावरून वाटतं घर उमरेडकडे आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे शस्त्राची नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडेही लागते. पोलीस परवान्यात ती येत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. आणि रायफल गाडीतून रेंजवर नेताना अभयारण्यातून जाणारा शॉर्टकट धरू नका. आत शस्त्र न्यायला लेखी परवानगी लागते, रिकामं असलं तरी.