‘अपलोड मोकळा सोडा’ म्हणणाऱ्यांनो, तुमच्या सर्व्हरवर गाड्या उडतात त्या का?

हेअरपिन
परवा ‘घरून रेस होस्ट करायची आहे’ (म्हणजे ऑनलाइन कार-रेसिंग गेमचा सर्व्हर घरच्याच कॉम्प्युटरवर चालवायचा आहे) या धाग्यावर पाचवा_गिअर यांची आकाशवाणी झाली: ‘मोठा प्लॅन घ्या, अपलोडला मर्यादा लावू नका, राउटरच्या सेटिंगला हात लावू नका, बाकी सगळी बुवाबाजी.’ खाली धडाधड +1 पडलेत. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा. लांबलचक आहे, कंटाळा असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

नुसतं खेळणाऱ्याला फक्त स्वतःची गाडी वर पाठवायची असते. होस्टला प्रत्येकाला बाकी सगळ्यांच्या गाड्या पाठवाव्या लागतात. 10 जण असले की 10 गुणिले 9, 20 झाले की 20 गुणिले 19. गाड्या दुप्पट केल्या की भार चौपटीच्या वर जातो. एका गाडीच्या एका अपडेटला 60 बाइट धरा, सेकंदाला 18 अपडेट धरा. 10 जणांना सेकंदाला पाऊण मेगाबिटच्या थोडं वर, 20 जणांना सव्वातीन. हेडर, म्हणजे प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वगैरे, वेगळे.

आता म्हणाल, सव्वातीन मेगाबिट म्हणजे काय, काहीच नाही. अगदी बरोबर. घोळ तिथे नाहीच. त्याच लाइनवरून दुसरं काही सुटलं की घोळ होतो. गेल्या महिन्यात मी पिंगची (पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याची) खिडकी उघडी ठेवून होस्ट करत होतो. 18, 19, 18, 18. तेवढ्यात टेबलावरच्या फोनला साक्षात्कार झाला की आपण चार्जिंगला आहोत, वायफाय आहे, चला फोटोंचा बॅकअप घेऊ. 18, 140, 390, 720, 910. बारा गाड्या शर्यतीत. पहिली गाडी वळणात शिरताना दिसली ती थेट वळण संपल्यावर उगवली. तिसऱ्या गाडीने चौथीच्या टपावर मुक्काम ठोकला. चॅटमध्ये ‘होस्ट लॅग’चा जप सुरू.

फोटो चढवताना टीसीपी (फाइल पाठवायची नेहमीची पद्धत) जेवढा मिळेल तेवढा वेग ओढतं. मोडेमचा बफर, म्हणजे पाकिटं थांबवून ठेवायची जागा, भरतो, आणि गाडीचं ते एवढंसं पाकीट फोटोंच्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. 1 मेगाबिट अपलोडवर 256 किलोबाइटचा बफर भरला तर तो रिकामा व्हायला दोन सेकंद लागतात. ताशी 200 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 110 मीटर जाते. मग ती उडणार नाही तर काय?

उपाय एवढाच: राउटरवर एसक्यूएम (पाकिटांची रांग सांभाळणारी सोय), त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग लावायच्या दोन पद्धती), आणि मर्यादा खऱ्या अपलोडच्या 90 टक्क्यांवर. मग रांग मोडेमऐवजी राउटरात लागते, आणि राउटरला छोट्या पाकिटाला पुढे काढायची अक्कल असते. माझा अपलोड 20 मेगाबिट, मी लावला 18. तोच फोन, तोच बॅकअप: 18, 20, 21, 19. दोन मेगाबिट गेले. गेले तर गेले.

पाचवा_गिअर
प्रथम, ‘बुवाबाजी’ हा शब्द माझा नाही. मी ‘कर्मकांड’ म्हणालो होतो. उद्धृत करताना निदान वाचून करा.

दुसरं, तुमचा आजार फोन आहे. बॅकअप बंद करा, दहा सेकंदांचं काम. त्यासाठी राउटरचं फर्मवेअर बदलायचं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरण्यातला प्रकार. मी चार वर्षं होस्ट करतोय. अपलोड 100. एक तक्रार नाही.

तिसरं, जे तुम्ही सोयीस्कर गाळलंत ते: एसक्यूएम राउटरच्या प्रोसेसरवर चालतं, त्यासाठी हार्डवेअर ऑफलोडिंग (पाकिटं हलवायचं काम प्रोसेसरऐवजी वेगळ्या चिपने करणं) बंद करावं लागतं. साधा राउटर त्यात धापा टाकतो. आमच्या एका मित्राची 300 ची लाइन 120 वर आली. त्याने तुमच्यासारख्याच कुणाचं तरी ऐकलं होतं.

हेअरपिन
ठीक, कर्मकांड. प्रोसेसरचा मुद्दा मान्य, पण फक्त अपलोडच्या बाजूने मर्यादा लावली तर बोजा बराच कमी होतो, 300 च्या 300 आवळायची गरज नसते. आणि एक फोन बंद केला, बाकीचे? लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा? घरात एकटेच राहता का?

पाचवा_गिअर
वैयक्तिक होऊ नका.

नवा_लॅप
मधेच घुसतोय, माफी. मी असेटो कोर्सा या रेसिंग गेमचा सर्व्हर घरी लावलाय. राउटरवर टीसीपी, यूडीपी दोन्हींना 9600 पोर्ट उघडलाय, 8081 पण. तरी बाहेरून कोणालाच येता येत नाही. राउटरवर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी 100.72 ने सुरू होतो. काय चुकतंय?

पिटलेन_आजोबा
मर्यादा लावा म्हणणाऱ्यांनो, आधी एकक बघायला शिकवा लोकांना. माझा किस्सा सांगतो. एका जुन्या गेमच्या सर्व्हरमध्ये अपलोडची चौकट होती. मला कळलं होतं की आपला अपलोड सेकंदाला 128 किलोबाइट आहे, म्हणून मी ऐटीत 128 टाकले. चौकट मागत होती किलोबिट! म्हणजे होती त्याच्या एक अष्टमांश. सर्व्हर बिचारा प्रामाणिक, तेवढ्यातच भागवत बसला, अपडेट विरळ करत गेला, आणि गाड्या लंगडी घालत धावायला लागल्या. दोन महिने मी इंटरनेटवाल्यांच्या नावाने फोनवर शंख करत होतो. त्यांचा माणूस घरी येऊन वायर बदलून गेला, तरी लंगडी सुरूच. शेवटी माझ्या पुतण्याने चौकटीखालची बारीक अक्षरं वाचली.

गेममधली मर्यादा आणि राउटरमधली मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी. गेममध्ये कमी टाकलं तर गेमच हात आखडता घेतो, राउटरने त्यात काय करावं? लाइव्ह फॉर स्पीड या जुन्या गेमला सर्व्हरवर पीपीएस (सेकंदाला किती पाकिटं) असायचा, आम्ही 3 ते 6 मध्ये खेळवायचो. सेकंदाला तीन अपडेट! आणि शर्यती रंगायच्या. आता 18 ला नाकं मुरडतात.

नियमावली
एवढा कीस पाडण्यापेक्षा सोपं सांगतो. पिंग 150 च्या वर गेला की बाहेर. आमच्या लीगमध्ये हाच नियम आहे, गाड्या उडणं बंद झालं. होस्टची सेटिंग वगैरे नंतर.

दूरचा_चालक
हा नियम ज्याने काढला त्याला एकदा माझ्या जागी बसवा. माझा पिंग 230. अंतरच तेवढं आहे, प्रकाशाला मी काय करू? पण तो 230 म्हणजे 230 च. 229, 231, 230. शेवटून दुसऱ्या लॅपला, चौथ्या क्रमांकावर असताना, मला अशाच एका लीगने बाहेर काढलं. आणि माझ्या पुढचा ‘30 पिंग’वाला वायफायवर, 30, 34, 280, 31, 190, प्रत्येक वळणाला नाचत होता. त्याला ट्रॉफी.

गेम दुसऱ्याची गाडी अंदाजाने पुढे सरकवतो. उशीर सारखा असला की अंदाज जमतो. उशीरच कमीजास्त व्हायला लागला की फसतो. तुम्ही सरासरी मोजताय, मोजायला हवा जिटर, म्हणजे उशिरातला चढउतार.

हेअरपिन
+1000. आणि जिटर अनेकदा होस्टच्या भरलेल्या अपलोडमुळे होतो, हाच माझा धागा होता. विषयावर या.

नियमावली
थांबा हो. दूरचे चालक, अंदाज सरळ रस्त्यावर जमतो. ब्रेकिंगला? मी ब्रेक मारला हे तुम्हाला 0.2 सेकंदाने कळणार. ताशी 200 ने 0.2 सेकंदांत 11 मीटर. तुमच्या स्क्रीनवर मी अजून तसाच पळतोय, म्हणून तुम्हीही पळताय, आणि माझ्या स्क्रीनवर तुम्ही माझ्या डिकीत. मागच्या मोसमात असं तीनदा झालंय माझ्याबाबतीत. तिन्ही वेळा समोरचा म्हणतो, ‘माझ्या रीप्लेत तर दोन गाड्यांचं अंतर होतं.’ असेल हो! माझी शर्यत गेली त्याचं काय?

दूरचा_चालक
म्हणून मी लवकर ब्रेक मारतो. दोन वर्षं झाली, माझ्यावर एकही पेनल्टी नाही. तुमच्यावर किती?

नियमावली
हा प्रश्न इथे कुठून आला?

दूरचा_चालक
नाही, विचारतोय. स्ट्यूअर्ड (शर्यतीचे पंच) तुम्हीच, तक्रारदार तुम्हीच, आणि नियमाचा आकडा 150. तुझा स्वतःचा पिंग 140 आहे, हे लीगमधल्या सगळ्यांना माहीत आहे.

नियमावली
अरे-तुरे करू नका. 140 हा 150 पेक्षा कमी असतो, गणित तपासा.

काकदृष्टी
धागा अपलोडचा होता ना? 😀 बसलोय पुढच्या रांगेत. चालू द्या.

नवा_लॅप
वरचा प्रश्न कोणी बघेल का प्लीज. तोपर्यंत हेअरपिन यांनी सांगितलेलं एसक्यूएम लावलं. अपलोड मर्यादा 85 टक्के केली, मग 90, मग 95. अजून कोणी जॉइन होऊ शकत नाहीये.

पिटलेन_आजोबा
दोघांचंही बरोबर आहे आणि दोघेही ऐकणार नाहीत. आम्ही लांबच्याला सांगायचो, पहिल्या वळणापर्यंत सगळ्यात मागे राहा. त्यालाही चालायचं. नियम लिहून ठेवायची वेळच कधी आली नाही.

दूरचा_चालक
म्हणजे मी कायम शेवटून सुरुवात करायची. वा!

वायरमन_नाही
सगळ्यांनी आधी केबल लावा. वायफायवरून होस्ट करणाऱ्याला मी पिंग न बघता बाहेर काढेन. एका वेळी एकालाच बोलता येतं त्या हवेत, शेजाऱ्याचं काय चाललंय त्यावरही अवलंबून. केकच काय, कोणीही वाचवणार नाही.

नियमावली
जिटर मोजायला तयार आहे. पिंग 250 पर्यंत आणि जिटर 20 च्या आत. पण सरावाच्या सत्रात सिद्ध करायचं, शर्यतीत नव्हे. कोणाच्या आग्रहाखातर करतोय असं समजू नये.

दूरचा_चालक
उपकार झाले. खरंच.

पाचवा_गिअर
हा धागा एकदाचा संपावा म्हणून काल रात्री चाचणी केली. अपलोड 100, मोठी फाइल चढवायला लावली, आठ गाड्या. पिंग 12 वरून 64. चौसष्ट! कोण मेलं? कोणाची गाडी उडाली नाही, कोणी चॅटमध्ये हूं की चूं केलं नाही. मोठी लाइन घ्या म्हणत होतो ते यासाठीच.

मग म्हटलं आता बघूच, मर्यादा 90 ला लावली. 14. ती मी तशीच ठेवली आहे, कारण परत काढायचा कंटाळा आला. ‘कर्मकांड’ हा शब्द मागे घेत नाही.

हेअरपिन
काढू नका, तब्येतीला बरं असतं.

वायरमन_नाही
@नवा_लॅप, आत्ता बघितलं. 100.64 ते 100.127 मधला पत्ता म्हणजे सीजीनॅट. तो पत्ता तुमचा नाहीच, कंपनीच्या मोठ्या नॅटच्या (एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागे तुम्ही अनेकांबरोबर बसलाय. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तिथवर पोचतच नाही. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर सर्व्हर भाड्याने घ्या. अपलोडच्या मर्यादेचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

नवा_लॅप
म्हणजे चार दिवस मी 85, 90, 95 करत बसलो होतो, ते?

पाचवा_गिअर
कर्मकांड.