वीस ऑगस्टला पुलावर जमणं आता पुरे झालं का?

मुठाकाठचा:
काल वीस ऑगस्ट. नेहमीप्रमाणे सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर जाऊन आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल, २०१३ साली याच तारखेला, मंगळवारी सकाळी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिसचे) डॉ. नरेंद्र दाभोलकर इथं फिरायला निघालेले, मोटारसायकलवरून दोघं आले आणि गोळ्या घालून गेले. तेव्हापासून दर महिन्याच्या वीस तारखेला लोक तिथं जमतात, ऑगस्टमध्ये जरा जास्त. मी पहिल्या वर्षापासून जातोय, सुरुवातीला ऑफिसला दांडी मारून, आता ऑफिसच्या आधी.

काल गाणी झाली, 'फुले शाहू आंबेडकर, आम्ही सारे दाभोलकर' झालं, ग्रुप फोटो झाला, मग चौघंजण डोसा खायला गेलो. तिथंच गावाकडून चुलतभावाचा फोन आला. शेजारच्या एका पोरीला फिट येतात, घरच्यांनी गोळ्या बंद केल्यात आणि देवरुशाकडे नेतायत, तो मिरचीची धुरी देतो म्हणे, तू ते अंनिसवाल्यांच्यात असतोस ना, काहीतरी कर. आणि मी काय म्हटलं असेन? 'बघतो रे, जरा बाहेर आहे.' डोसा गार होईल म्हणून. खोटं कशाला बोलू.

रात्रभर डोक्यात तेच चाललंय. घोषणा दिल्याला दोन तास झाले नव्हते. म्हणून मला वाटतं हे जमणं बंद करावं, निदान दर महिन्याचं तरी, आणि त्या वेळात प्रत्येकानं एक पोलीस स्टेशन नाहीतर एक गाव धरावं. डॉक्टरांना गाणी नको होती, कामं हवी होती. बोला.

कऱ्हाडकर_काकू:
अजिबात पटलं नाही. डोसा तू खाल्लास, पूल कशाला बंद करतोस?
अरे २०१३ च्या त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथं उभं राहताना काय वाटायचं ते मला विचार. घरून तीन फोन यायचे, पोचलीस का, निघालीस का. काही महिने तर आमच्यापेक्षा पोलीस जास्त असायचे. डॉक्टरांनी संरक्षण घेतलं नव्हतं, आणि त्यांना ज्या वेळी ज्या जागी मारलं त्याच वेळी तिथंच चालायचं हे आम्ही ठरवलं, ते काय गाणी म्हणायची हौस म्हणून नाही. नंतर २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, ते पण सकाळी फिरून येतानाच, ते गेले तीही वीस तारीखच. मग तिकडेही निर्भय मॉर्निंग वॉक सुरू झाला. त्याच ऑगस्टात धारवाडला विचारवंत कलबुर्गी, २०१७ ला बंगळूरला पत्रकार गौरी लंकेश. अशा काळात रस्त्यावर दिसत राहणं हेच काम होतं.

आणि खटल्याचं बघ. तपास सीबीआयकडे गेला २०१४ ला, आरोप निश्चित झाले २०२१ ला, निकाल लागला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप, तिघं सुटले, सूत्रधार कोण ते अजून कोडंच. पावणेअकरा वर्षं. ही केस विस्मरणात जाऊ नये म्हणून कोण दर महिन्याला ओरडत होतं? तो पूल रिकामा राहिला असता तर दुसऱ्या वर्षीच सगळे विसरले असते, तुझ्यासकट.

एसटीवाला:
काकू, मान्य, पण तो काळ वेगळा होता. आता निकाल लागला, अपिलं वकील बघतील. आता तिथं जे होतं त्याला मी सरळ आरती म्हणतो. फोटो, हार, ठरलेलं गाणं, ठरलेले वक्ते, प्रसाद तेवढा राहिलाय. विवेकवादी माणसाची पुण्यतिथी पाळण्यात काय विसंगती आहे ती एकालाही खटकत नाही??

डॉक्टर सोमवारी-मंगळवारी पुण्यात 'साधना' साप्ताहिकाच्या कामाला असायचे, बाकी सातारा आणि अख्खा महाराष्ट्र. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी किती वर्षं चपला झिजवल्या माणसानं, दर अधिवेशनाला नागपूर नाहीतर मुंबई, दर वेळी पुढच्या अधिवेशनात बघू. तो वटहुकूम निघाला कधी, तर ते गेल्यावर आठवड्याच्या आत. डिसेंबर २०१३ ला कायदा झाला. म्हणजे त्यांनी जीव दिला आणि आपल्याला कायदा मिळाला, आणि आपण तो वापरत नाही, आपण पुलावर गाणी म्हणतो. मुठाकाठचा बरोबर बोलतोय.



तुळशीमाळ:
मी माळकरी आहे, आधीच सांगतो, म्हणजे नंतर शिव्या घालायला सोपं. खून निषेधार्हच, त्यात 'पण' नाही. मात्र तुम्हा लोकांचं आपसातलं भांडण बाहेरून बघताना गंमत वाटते. पूल की पोलीस स्टेशन! गावात कुणी तुम्हाला बोलावतं का ते आधी बघा. आमच्याकडे चळवळवाले येतात ते देवळाच्या विरोधात काहीतरी बोलून जातात, मग पाच वर्षं कुणी उभं करत नाही. हा कायदा फक्त हिंदूंच्या मागे लागलाय असं निम्म्या गावाला वाटतं. चूक असेल, पण वाटतं, आणि ते तुमच्यामुळं वाटतं.

कलम_बारा:
तुळशीमाळ दादा, कायदा वाचलाय का? तो कुठल्या देवाच्या किंवा धर्माच्या विरोधात नाही. बाराव्या कलमात चक्क लिहिलंय की प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, पूजा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. वारकऱ्यांनी विरोध केला म्हणूनच ते इतकं उलगडून घातलं, त्यात वाईट काही नाही. आणि वटहुकूम निघाल्यावर अगदी सुरुवातीचा गुन्हा नांदेडला दाखल झाला तो मुस्लिम भोंदूंवर. हे कुणी सांगत नाही.

मुठाकाठचा, तुझ्या केसबद्दल. मिरचीची धुरी म्हणालास ना, अनुसूचीतली पहिलीच बाब बघ, भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं बांधणं, मारणं, धुरी देणं सगळं त्यात आहे. दखलपात्र, अजामीनपात्र, सहा महिने ते सात वर्षं. पण प्रत्यक्षात काय होतं ते ऐक. मी एकदा अशाच तक्रारीसाठी एका पोलीस स्टेशनला गेलो होतो, कुठलं ते सोड. ठाणे अंमलदार म्हणाले असा कायदा नाही. मी पिशवीतून प्रत काढली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवतो कारण दर वेळी चहा सांडतो. त्यांनी उलटसुलट बघितली, म्हणाले ही तर झेरॉक्स आहे. मग म्हणाले एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून घेऊ. मी म्हटलं एनसी नाही, गुन्हा, आणि तुमच्याकडे या कायद्याखाली दक्षता अधिकारी असतो त्यांना बोलवा. तो कोण हे ठाण्यात कुणालाच माहीत नव्हतं, शेवटी कळलं की समोर बसलेले साहेबच. दुपारी बाराला गेलो, रात्री सव्वानऊला एफआयआरची प्रत हातात. तेवढ्यात फिर्यादी बाईंचा दीर तीनदा येऊन 'घरातलं घरात मिटवू' म्हणून गेला. त्या हलल्या नाहीत म्हणून झालं, नाहीतर माझी झेरॉक्स काय कामाची.

पुलावर गेलो म्हणून मला हे जमलं असं नाही. पण ती प्रत मला पुलावरच मिळाली होती, दोन रुपयाला, हे पण खरं.

कऱ्हाडकर_काकू:
बघा!! हेच म्हणतेय मी. माणसं भेटतात तिथं.

लातूरची_नणंद:
मला तुमचा वाद जरा शहरी वाटतो. डॉक्टर नुसते बुवाबाजीवाले नव्हते, बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा'मध्ये ते तरुणपणी होते, तिथून त्यांची जडणघडण. समान हक्काचं काम ते. शनिशिंगणापूरला बायकांनी चौथऱ्यावर जावं म्हणून २००० साली सत्याग्रह काढला तेव्हा डॉ. श्रीराम लागू, एन. डी. पाटील बरोबर होते, अटक झाली, हाती काही लागलं नाही. चौथरा उघडला एप्रिल २०१६ ला, डॉक्टर गेल्यावर अडीच-तीन वर्षांनी. मग त्या मधल्या सोळा वर्षांत जे नुसतेच भाषणं देत होते ते काय आरती करत होते?

आणि जातपंचायतीचं बघा. आमच्या ओळखीच्या एका घराला पंचांनी वाळीत टाकलं होतं, पोरीनं बाहेर लग्न केलं म्हणून. आईचं मयत झालं तर खांदा द्यायला चार माणसं नाहीत, जावई आणि त्याचे दोन मित्र, चौथा गॅरेजवाला. २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला, २०१७ ला लागू, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो डॉक्टर गेल्यावर झाला, त्यांच्या माणसांनी केस बाय केस, गाव बाय गाव फिरून मागून घेतला. २०१८ ला कंजारभाट समाजातल्याच पोरापोरींनी कौमार्य चाचणीविरुद्ध उभं राहायचं धाडस केलं, मार खाल्ला. यातलं कुणी पुलावर यायचं की नाही मला माहीत नाही, आणि त्यानं काय फरक पडतो?

तुळशीमाळ:
ताई, बहिष्काराच्या कायद्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या गावात वाळीत टाकलेल्या घरी पहिल्यांदा जेवायला बसले ते आमचे कीर्तनकार महाराज. पत्रक नाही, घोषणा नाही, पितळी ओढली आणि बसले. दुसऱ्या दिवशी चार घरं बोलायला लागली. त्यांना कुणी दाभोलकरवाले म्हणणार नाही.

एसटीवाला:
मी म्हणेन की. धर्माची विधायक चिकित्सा हे डॉक्टरांच्या चार सूत्रांतलं एक सूत्रच होतं. विरोध शोषणाला, देवाला नाही. महाराजांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं कीर्तन कुठं असतं ते कळवा, खरंच येतो.

जट_कापणारी:
वाचतेय मगाचपासून. मी जटा सोडवायचं काम करते, शिकले अंनिसच्याच एका ताईंकडं. यल्लम्माची जट म्हणून बायका पंधरा पंधरा वर्षं डोक्यावर वागवतात. मागच्या महिन्यात एका मावशींची काढली. हातात घेतली तर भिजलेल्या सतरंजीसारखी जड, मान एका बाजूला कललेली, उशीवर सरळ झोपताच येत नव्हतं म्हणाल्या. कात्री पहिल्यांदा आत जातच नाही, आतून नुसता राठ गोळा, तेल-मळ सगळं एकजीव. मुळाजवळ बोट घालून हळूहळू कापावं लागतं. मावशी पूर्ण वेळ एकच विचारत होत्या, घरात काही वाईट तर नाही ना होणार, नातू लहान आहे. त्याच्यासाठी भाषण उपयोगाचं नाही. मी माझा नंबर दिला, म्हटलं काही झालं तर रात्री पण फोन करा, माझ्यावर ढकला सगळं. आठ दिवस रोज फोन. नवव्या दिवशी फोन आला तो शाम्पू कुठला वापरू विचारायला.

पूल ठेवा नाहीतर काढा, मला रविवारी दोन हात कमी पडतात एवढंच सांगायचं होतं. गेल्या ऑगस्टात पुलावर सहाजणांनी 'आम्ही येऊ' म्हणून नंबर दिले. आला एक.

कऱ्हाडकर_काकू:
जट ताई, त्या पाचांत मी पण होते. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. गुडघा खरा आहे, पण पुलावर चालतो तो गुडघा तुझ्याकडं यायला का चालत नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही. तरी पूल सोडणार नाही. ज्या जागी मारलं तिथून आपणच आपल्या पायानं निघून जायचं, हे मला जमायचं नाही.

मुठाकाठचा:
काकू, बरं, पूल राहू दे. मी बंद करणारा कोण. मी रागावलो होतो स्वतःवर आणि काढला पुलावर.

चुलतभावाला फोन केला. देवरुशाकडं परत शनिवारी संध्याकाळी न्यायचं ठरलंय, पोरीचा बाप म्हणतो गोळीनं झोप येते, अभ्यास होत नाही, म्हणून बंद केली. म्हणजे त्याचंही अगदीच काही चुकत नाही, कुणी नीट सांगितलंच नाही की फिटची गोळी अशी एकदम थांबवायची नसते, झोप येत असेल तर डॉक्टर बदलून देतात. आधी गुन्ह्याचं बोलायचं नाही असं ठरवलंय, आधी बापाशी आणि पोरीला तपासणाऱ्या डॉक्टरांशी. धुरी थांबली नाही तर मग कलम बारांचं फोल्डर.

कलम_बारा:
शनिवारी मोकळा आहे. स्वारगेटवरून पहाटेची एसटी पकडू, गाडी नको, गाडीतून उतरलो की 'साहेब लोक आले' होतं. दोन प्रती आणतो.

तुळशीमाळ:
गाव कुठलं? साताऱ्याच्या बाजूला असेल तर आमचे महाराज शनिवारी तिकडेच आहेत. विचारून बघतो, हो म्हणतील असं नाही.

मुठाकाठचा:
कोरेगावच्या पुढं. विचारा ना. आणि जट ताई, रविवारी किती वाजता, काय आणायचं?

जट_कापणारी:
नऊला. जुना सुती पंचा आणि नवीन कात्री, शिवणाची मोठी. माझी बोथट झालीये.