ॲम्बॅसिडरचा रेडिएटर पाइप सोलापुरात कुठे मिळेल? तातडीने मदत हवी आहे

होटगीरोडकर
वडिलांची ॲम्बॅसिडर आहे. काल तुळजापूरहून येताना तामलवाडीच्या पुढे बॉनेटमधून वाफ, बघतो तर रेडिएटरचा पाइप फाटलेला. चिकटपट्टी गुंडाळून, थांबत थांबत, बाटल्यांनी पाणी ओतत कसंबसं घर गाठलं. आज तीन दुकानं पालथी घातली. एकाने दिलेला पाइप एका बाजूला बसतच नाही, दुसऱ्या बाजूला क्लिप कितीही आवळा, गळतोच. दुसरा म्हणतो, "ही गाडी अजून चालते?" रविवारी अक्कलकोटला साखरपुडा आहे आणि वडील दुसऱ्या गाडीत बसायला तयार नाहीत. कुठला पाइप घेऊ, लवकर सांगा.

पानापक्कड
वरचा की खालचा? कुठलं साल? इंजिन कुठलं?

होटगीरोडकर
ॲम्बॅसिडर लिहिलंय की वर. पेट्रोल आहे. पांढरी.

पानापक्कड
रंगावरून पाइप मिळत असता तर काय हवं होतं! १४८९ सीसीचं जुनं इंजिन वेगळं, १९९२ पासूनचं इसुझूचं १८०० वेगळं. गिअर स्टिअरिंगला आहे की खाली?

जुना_ड्रायव्हर
पाइप सोडा, आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेका. मी काढला त्याला वीस वर्षं झाली, गाडी कधी तापली नाही.

पानापक्कड
आणि पेट्रोल किती पिते तेही सांगा. इंजिन नीट गरमच होत नाही त्याने. शिवाय त्यांचा पाइप फाटलाय, थर्मोस्टॅट नाही.

जुना_ड्रायव्हर
अनुभव आहे म्हणून सांगितलं. ऐकायचं तर ऐका.

पद्मिनीप्रेमी
म्हणून आम्ही पद्मिनी ठेवली. २०२३ पर्यंत मुंबईत तिच्या टॅक्सी होत्या, त्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेने तिचं सामान निघायचं.

होटगीरोडकर
गिअर खाली. वडील म्हणतात ९४ ची. खालचा पाइप. आतून गंजकी स्प्रिंग निघाली, ती टाकून दिली.

पानापक्कड
टाकलीत?! पंप खालच्या पाइपमधूनच पाणी ओढतो. गरम रबर मऊ पडलं की ओढीने पाइप आत चिकटतो. मग गाडी उभी असताना सगळं ठीक, हायवेला वेग धरला की तापमानाचा काटा वर. तसलीच स्प्रिंग बघा, पण गंजकी नको.
आणि एक बाजू घट्ट, एक सैल म्हणता. रेडिएटर ओरिजिनलच आहे ना?

होटगीरोडकर
२००९ ला बदललाय. कुठल्याशा जीपचा बसवलाय म्हणे. त्याचा काय संबंध?

पानापक्कड
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! आता जन्मभर ॲम्बॅसिडरचा पाइप मागितलात तरी बसणार नाही. फाटका पाइप मापू नका, तो फुगलेला असतो. रेडिएटर आणि पंप, दोन्हींच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या. जाड तार वाकवून वळणाचा साचा करा. ती तार घेऊन दुकानात जा आणि ट्रॅक्टर, टेम्पो, ज्याचा जुळेल त्याचा पाइप उचला. सरळ पाइप वाकवून बसवू नका, मुडपतो. चढवताना साबणाचं पाणी लावा, ऑइल-ग्रीस नाही, रबर फुगतं.

नानापेठ_वारी
हे सगळं करण्यापेक्षा पुण्याला नाना पेठेत जा, एका दिवसाचं काम.

बाळीवेसचा_बाळ्या
एका पाइपासाठी अडीचशे किलोमीटर? कशाला पाठवताय बे त्यांना, अक्कलकोट रोड एमायडीसीत लेथवाल्याकडून दोन मापांचा जोड करून घ्या, अर्ध्या तासात होतो.

पानापक्कड
जोड म्हणजे आणखी दोन क्लिपा, गळायच्या आणखी दोन जागा. अगदीच अडलं तर.

स्वामीभक्त
अक्कलकोटला रविवारी फार गर्दी असते. दर्शन सकाळी लवकर उरकून घ्या.

होटगीरोडकर
साखरपुड्याला चाललोय हो. तार वाकवली आहे, व्हर्नियर शेजाऱ्यांकडे मिळाला. निघतोय. वडील म्हणतात मीपण येतो, तुला दुकानदार फसवतात.

पद्मिनीप्रेमी
कशातून जाताय?

होटगीरोडकर
रिक्षाने.