मदत हवी आहे: ऑटॉप्सी (डिजिटल पुरावे तपासण्याचे सॉफ्टवेअर) शिकताना पुसलेल्या फायलींबाबत अडचण

डिजिटल फॉरेन्सिक्सचा सराव म्हणून मी माझ्याच १६ जीबी पेन ड्राइव्हवरील काही छायाचित्रे पुसून टाकली, एफटीके इमेजर या साधनाने त्याची ई०१ स्वरूपातील प्रतिमा (संपूर्ण ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत) तयार केली आणि एमडी५ व एसएचए-१ हॅश (प्रत मुळाबरहुकूम आहे का हे पडताळण्याचे संकेतांक) जुळल्याची खात्री करून ती ऑटॉप्सीमध्ये उघडली. पुसलेल्या काही फायलींची नावे दिसतात, पण त्या उघडत नाहीत. उलट फोटोरेक मॉड्यूलने (आशयावरून पुसलेल्या फायली शोधणारा ऑटॉप्सीचा भाग) शोधलेली छायाचित्रे नीट उघडतात, मात्र त्यांना मूळ नावे व तारखा नाहीत. पेन ड्राइव्हची फाइल प्रणाली फॅट३२ आहे, त्यामुळे फाइल पुसताना क्लस्टरची साखळी (फाइलचे तुकडे ड्राइव्हवर कुठे आहेत याची नोंद) नष्ट होत असावी, असा माझा तर्क आहे (तो चुकीचाही असू शकेल). नाव आणि आशय यांची सांगड हेक्स दृश्यातून (कच्चे बाइट दाखवणाऱ्या दृश्यातून) कशी घालावी? तसेच ड्राइव्ह जोडताना मी राइट ब्लॉकर (ड्राइव्हवर काहीही लिहिले जाऊ न देणारे साधन) वापरला नव्हता. सरावापुरते ते चालेल का, की ती सवय आताच लावून घ्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.